दोन किलोचा गारवा

महागड्या वस्तूचं वजन हाताला लागल्याशिवाय तिची किंमत आपल्या गळी उतरत नाही. तांब्याची घागर असो की शिसवी पाट, आधी उचलून बघायचं आणि मगच 'हं' म्हणायचं. भाच्याने एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाचं फाउंडर्स एडिशन माझ्या हातात ठेवलं तेव्हा तोच 'हं' आपसूक निघाला. "मामा, दोन्ही हातांनी धर," तो घाईघाईने म्हणाला. वजन दोन किलोंच्या वर, लांबी 304 मिलिमीटर, आणि जाडी अशी की संगणकातल्या तीन स्लॉटांची जागा एकट्याने अडवावी. 2022 च्या ऑक्टोबरात हे कार्ड आलं तेव्हा अमेरिकेतली किंमत 1,599 डॉलर होती. किलोचा भाव मी मनातल्या मनात काढला आणि गप्प बसलो.

बांधणीला मात्र नावं ठेवायला जागा नाही. चौकट सगळी धातूची. दाबली तरी कुठे कुरकुर नाही. पोटात काळ्या पातळ पट्ट्या इतक्या दाटीने उभ्या आहेत की त्यांवरून नख फिरवलं की किर्रर्र वाजतं. (भाच्याने माझं नख बाजूला केलं.) पंखे दोन, एक या अंगाला, दुसरा त्या अंगाला. आतला सर्किट बोर्ड मुद्दाम आखूड ठेवलाय, म्हणजे दुसऱ्या पंख्याचा वारा पट्ट्यांतून आरपार जातो.

आता गंमत अशी, की हा सगळा थाट ज्या चिपसाठी, ती जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबरुंद. तेवढ्यात 7,600 कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर कोंबलेत. म्हणजे आपण पैसे चिपचे मोजतो आणि घरी आणतो तो बव्हंशी तिला गार ठेवायचा सरंजाम.

चिपच्या माथ्यावर एक चपटी तांब्याची बंद डबी असते, व्हेपर चेंबर. आतली हवा काढून किंचित पाणी ठेवलेलं. दाब कमी, म्हणून ते शंभर अंशांची वाट न बघता वाफ होतं, थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत चिपपाशी येतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण हेच करतं, फक्त त्याची कुणी जाहिरात केली नाही.

एवढं करून उष्णता जाते कुठे? आपल्या खोलीत! पूर्ण जोरात हे कार्ड 450 वॅट खातं. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅटचा, म्हणजे सहा पंख्यांची वीज खाऊन हे आपल्याला सातवा पंखा लावायला लावतं. शिवाय वारा खोलीतलाच असल्यामुळे खोलीपेक्षा गार व्हायची त्याला सोय नाही. पुण्यातला मे महिना कार्डालाही चुकत नाही. चिप 90 अंशांच्या पुढे जाऊ लागली की ते आपणहून वेग कमी करतं.

आवाजाच्या बाबतीत मात्र या मंडळींनी प्रगती केली हे मान्य करायला हवं. काम नसलं की पंखे चक्क थांबतात. 2003 मधलं जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा हे कार्ड इतकं घोंघावायचं की एनव्हिडियाने स्वतःच त्याची टर उडवणारी चित्रफीत काढली. ग्राहकाने हसण्याआधी आपणच हसून घेतलेलं बरं, हा हिशेब मला आवडला.

आणि इतक्या घडीव वस्तूचा जीव अडकला कशात, तर एका प्लगात. बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच काही ठिकाणी वीजजोडणीचे सोळा पिनांचे प्लग वितळले. प्लग पुरता आत बसलेला नसणं हे नेहमीचं कारण, असं कंपनीने सांगितलं. पुढे त्या जोडणीची रचनाही सुधारली गेली.

तेव्हा घेणार असाल तर आधी कॅबिनेटची लांबी मोजा, कार्ड वाकू नये म्हणून खालून टेकू द्या आणि प्लग अगदी शेवटपर्यंत दाबून बसवा. बांधणीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. किमतीचं तुमचं तुम्ही बघा.