खाण पाहिलीत का, नाना?

पुणेकर वांगं घेताना देठ निरखतो, फ्लॅट घेताना पार्किंग टेपने मोजतो आणि मुलीला स्थळ सांगून आलं की आधी मुलाच्या शेजाऱ्यांना गाठतो. पैसे गुंतवताना मात्र हाच माणूस एकदम श्रद्धाळू होतो.

आमचे शेजारी नाना परवा एक योजना घेऊन आले. "अरे, नुसती नाणी घेणं म्हणजे सट्टा. आपण पायाभूत सुविधेत पैसे घालायचे. बिटकॉइन काढणारी यंत्रं परदेशात रात्रंदिवस चालू आहेत. दरमहा ठरलेला परतावा. वर कंपनीचं टोकन बोनस!"

"खाण पाहिलीत का, नाना?"

"व्हिडिओ पाहिला. काय पंखे फिरतात!"

जिन्यातला दिवा दुपारी जळताना दिसला की वॉचमनची हजेरी घेणारे नाना अहोरात्र फिरणाऱ्या पंख्यांवर खूश होते. खरं तर हा सगळा धंदाच विजेच्या बिलाचा. त्यात जगभरातल्या यंत्रांनी मिळून साधारण दर 10 मिनिटांनी नवी नाणी काढायची ती ठरलेलीच. एप्रिल 2024पासून खेपेला 3.125. यंत्रं दुप्पट झाली तरी नाणी वाढत नाहीत, वाटेकरी वाढतात. मग दरमहा ठरलेला परतावा कोणत्या पंख्यातून येणार?

पुण्याने हे शिक्षण भरपूर फी भरून घेतलं आहे. गेनबिटकॉइन या अशाच योजनेचं आश्वासन होतं दरमहा 10 टक्के, तेही 18 महिने. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन लोकांच्या हातावर ठेवलं गेलं. एप्रिल 2018मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. मार्च 2022मध्ये तर तपासाला मदत करणारे दोन सायबरतज्ज्ञच आरोपींची नाणी वळवल्याच्या आरोपावरून पकडले गेले. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं.

एवढं सगळं ऐकून घेऊन नाना शांतपणे म्हणाले, "ते वेगळं रे. यात 12 टक्के आहेत."

मी कराचा विषय काढला. नफ्यावर 30 टक्के कर; तोटा मात्र दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा होत नाही. म्हणजे सुखात सरकार भागीदार, दुःखात नाना एकटे. यावर मात्र नाना गंभीर झाले. पैसे बुडण्याची त्यांना भीती नव्हती. कर भरण्याची होती!

तेव्हा वाचकहो, कोणी अशा खाणीत वाटा देऊ केला, तर परतावा विचारू नका. यंत्रांचा पत्ता आणि गेल्या महिन्याचं वीजबिल मागा. बिल दाखवलं, तर धंदा किती पाण्यात आहे ते कळेल. नाही दाखवलं, तर तुमचे पैसे वाचले.