धुऱ्यावरच्या करवंदाची वकिली

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप काकांस,


झुडपंच लावायची होती तर आपलं पालम गाव काय वाईट होतं, हा तुमचा सवाल बिनतोड आहे. पण त्याच दमात तुम्ही धुऱ्यावरची करवंदाची जाळी तोडून तिथे नर्सरीतलं शोभेचं काहीतरी लावायचं म्हणता, म्हणून हा कागद खराब करतो. पाखरांसाठी झाड लावायचं तर ते तिथल्याच मातीतलं हवं, मग ती माती न्यू जर्सीची असो की गोदाकाठची. इथे ते काम सर्व्हिसबेरी करते. एप्रिलात पांढरी फुलते, जूनमध्ये जांभळी फळं धरते आणि रॉबिन, कॅटबर्ड ती माणसाच्या तोंडी लागू देत नाहीत. करवंदाचंही वेळापत्रक जवळपास तेच. वर काटे, म्हणजे घरट्याला फुकटचा पहारेकरी.

भुकेल्या पाखराला फळाची जात कोण विचारतो, असं तुम्ही म्हणाल. कोणीच विचारत नाही, घोळ तिथेच आहे. २००९ साली जॉर्जिया राज्यात वॅक्सविंग पक्षी डझनावारी मरून पडले. त्यांच्या पोटात निघाली नंदिना या आशियाई शोभेच्या झुडपाची लालभडक फळं, ज्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. आपली घाणेरीही अशीच शोभेची पाहुणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कलकत्त्याच्या बागेत आणली, बुलबुलांनी फळं खाऊन बी देशभर पेरलं, आणि पाला असा की गुरांनी खाल्ला तर डॉक्टर बोलवावा.

तेव्हा फळ सोडा, पान बघा. बहुतेक छोटी पाखरं पिलांना अळ्या भरवतात. वॉशिंग्टनभोवतीच्या परसबागांमधला चिकडी पाखरांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. देशी झाडोरा ७० टक्क्यांहून कमी असेल तिथे त्यांची संख्या टिकत नाही, कारण परक्या पानांवर अळ्याच पुरेशा पोसत नाहीत. काकू कढीपत्त्यावरच्या ज्या हिरव्या अळ्यांच्या नावाने बोटं मोडतात, त्यांचीच पुढे फुलपाखरं होतात, निदान पाखरांच्या तावडीतून सुटलेल्यांची. कढीपत्ताही मूळचा तिथलाच ना!

पाखरं बोलावली तर हुरडा उरेल का? ज्वारीच्या कणसावर पडणारे पोपट करवंदाच्या आमंत्रणासाठी थांबलेले नसतात. आणि दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना किडेच चारते, ते तुमच्याच रानातले. धुरा वाया जातो म्हणाल, तर अमेरिकेत अदमासे ४ कोटी एकरांवर नुसती हिरवळ आहे. तिच्यावर गुरं सोडायची नाहीत, पाणी पाजायचं, खत घालायचं आणि कापून फेकायची. या लोकांकडून नीटनेटकेपणा शिकायला मी काही तुमच्यासारखा भोळा नाही.

जाळीत साप निघतो, हे मात्र मान्य. रानडुकरं लपतात, हेही. म्हणून शेतातल्या आखाड्याच्या दाराशी जाळी नकोच. लांबच्या धुऱ्यावर असू द्या, तीही सलग माजू न देता मधे मोकळी जागा ठेवून. चिबड काळ्या रानात करवंद नांदत नाही, मुरमाड कडेला लावा. बी वाळवून डब्यात जपू नका, त्याची उगवण लवकर जाते. पिकलेल्या फळातलं ताजंच पेरा. लोणच्यापुरती कच्ची फळं काकूंनी खालच्या फांद्यांवरून काढावीत. वरच्यांना तुमचा हात तसाही पोचत नाही.

आपला पुतण्या