ती आपल्या पायांनी आली, असे तू म्हणतोस

हालिस्कोतल्या भरती-दलाला,

पत्राच्या डोक्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडते. तुझे नावही लिहीत नाही, कारण तुझी नावे फार आहेत. एक दलाल गजाआड गेला की त्याच्या खुर्चीवर दुसरा येऊन बसतो आणि तीच जाहिरात पुन्हा पसरवतो. तेव्हा हे पत्र त्या खुर्चीवर आज जो कोणी बसला असेल त्याला आहे.

मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांबद्दल जगभर लिहिले जाते, ते तुझ्या मालकांबद्दल. त्यांचे वाडे, त्यांचे बोगदे, त्यांचे तुरुंगातून निसटणे, त्यांच्यावर रचलेली गाणी. तुझ्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. तू गोळी झाडत नाहीस, माल सीमेपार नेत नाहीस. तू फोन हातात घेऊन बसतोस आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरी कुठे एकट्या पडल्या आहेत, याचा वास काढत राहतोस. या साऱ्या धंद्यात मला सर्वांत जास्त चीड तुझी येते.

तुझी कामाची पद्धत आता लपून राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये हालिस्को राज्यातल्या तेउचित्लानजवळ, इसागिर्रे नावाच्या एका रँचवर, बेपत्ता माणसांना शोधणारे नातेवाईक पोचले. ‘गेर्रेरोस बुस्कादोरेस दे हालिस्को’ हे त्यांच्या गटाचे नाव. असे गट मेक्सिकोत जागोजागी आहेत. कुदळी-फावडी आणि लोखंडी सळ्या घेऊन ही माणसे रानोमाळ हिंडतात, जमीन भुसभुशीत लागली की उकरून बघतात. त्यांत आया जास्त. त्या दिवशी त्यांना जळक्या हाडांचे तुकडे सापडले आणि त्याबरोबर शेकडो बूट-चपला, कपडे, पाठीवरच्या पिशव्या. त्यांत बायकांच्या वापरातल्या वस्तूही होत्या. छायाचित्रे पसरली तशी देशभरातली घरे त्या ढिगात आपल्या माणसाचा सदरा, आपल्या लेकीचे बूट शोधू लागली. याच रँचवर सप्टेंबर २०२४ मध्ये नॅशनल गार्डने छापा घातला होता, १० जणांना पकडले होते, दोघांना सोडवले होते आणि एक मृतदेह उचलला होता. तरीही तो ढीग जगासमोर आणायला सहा महिन्यांनी आयांनाच जावे लागले.

ते कपडे तिथे का साचले, हे सुरक्षामंत्री ओमार गार्सिया हारफुच यांनी त्याच महिन्यात सांगितले. समाजमाध्यमांवर सुरक्षारक्षकाच्या नोकरीची जाहिरात. पगार आठवड्याला ४,००० ते १२,००० पेसो. मुलाखतीच्या नावाखाली बसस्थानकावर बोलावणे, तिथून गाडीत घालून रँचवर. तिथे पोचताच फोन आणि अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, गणवेश आणि बूट द्यायचे, घरच्यांशी बोलणे बंद. मग महिनाभर शस्त्रांचे शिक्षण. जो नको म्हणेल त्याला मार, जो पळेल त्याचा जीव घ्यायचा. तेव्हा तो ढीग तू उतरवून घेतलेल्या कपड्यांचा आहे. आपली मुलगी सकाळी कोणता ड्रेस घालून घराबाहेर पडली, हे आईला आठवते. म्हणूनच त्या ढिगातली एकेक गोष्ट ओळखू यायची धास्ती तिला वाटत होती.

तुझा पगाराचा आकडा मला नीट समजून घ्यायचा होता. २०२५ मध्ये मेक्सिकोतले किमान वेतन दिवसाला सुमारे २७९ पेसो होते. आठवड्याचे सातही दिवस धरले तरी २,००० पेसो होत नाहीत. तू त्याच्या दुपटीपासून सुरुवात केलीस. हा आकडा ठरवताना तुला नेमके ठाऊक होते की तो फार मोठा असून चालणार नाही, संशय येईल. आणि लहान असूनही चालणार नाही, कारण घराचा भार पाठीवर असलेल्या मुलीने गावातून बस पकडायला हवी. एवढी बारीक अक्कल तुझ्याकडे आहे. ती वापरून तू माणसे मरणाच्या दारात नेऊन सोडतोस.

नोकरीचा बुरखाही तुला दर वेळी लागत नाही. कोलेहिओ दे मेहिको या संस्थेच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये टिकटॉकवरची टोळ्यांच्या भरतीशी उघड संबंध असलेली १०० खाती तपासली. पिझ्झाचे चित्र एका टोळीची खूण, कोंबड्याचे दुसरीची. त्याला गाणे जोडायचे, सोन्याची साखळी, चकचकीत गाडी, हातात बंदूक घेतलेली देखणी मुलगी. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना त्या खुणा वाचता येतात, आईबापांना येत नाहीत. तुझे सगळे कसब या एवढ्या फटीत आहे.

मुली तुला का हव्यात, याचा हिशेब तू मालकापुढे मांडत असशीलच. नाक्यावर शिपाई तरुण मुलीची पिशवी सहसा उघडत नाही. कोपऱ्यावर उभे राहून सैन्याच्या गाड्यांवर नजर ठेवायला ती चालते. मेक्सिकोत अशांना ‘हाल्कोन’ म्हणजे ससाणा म्हणतात. ज्याचे अपहरण करायचे त्याला घोळात घ्यायला ती चालते. पुड्या बांधायला, पैसे पोचवायला, आणि एकदा का हात रुळला की बंदूक चालवायलाही. जून २०११ मध्ये हालिस्कोच्या पोलिसांनी चकमकीनंतर काही किशोरवयीनांना पत्रकारांपुढे उभे केले होते. त्यांत १६ वर्षांची एक मुलगी होती. सेतास टोळीने तिला बंदूक शिकवली होती आणि दोन आठवड्यांचे सुमारे १,००० डॉलर दिले होते. त्या वेळी जगातल्या वर्तमानपत्रांना ती बातमी नवलाची वाटली. आता ती नवलाची राहिलेली नाही, आणि त्यात तुझ्या खुर्चीवर बसून गेलेल्या सगळ्यांचा हात आहे.

तुझा बचाव मला माहीत आहे. ती आपल्या पायांनी आली, असे तू म्हणतोस. कोणी दोरी बांधून आणले नव्हते, तिला पैसा हवा होता, रुबाब हवा होता, तिचा प्रियकर आमच्यातलाच होता. बरे, तिथूनच सुरू करू.

इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपने २०२३ मध्ये मेक्सिकोच्या टोळ्यांतल्या स्त्रियांवर एक अहवाल काढला. त्यासाठी संशोधक त्या स्त्रियांशीच बोलले. त्यांच्या बोलण्यातून जे घर पुढे येते ते असे: लहानपणी मारझोड, कुठे घरातल्याच पुरुषाचा अत्याचार, शाळा सुटलेली, व्यसन, रस्ता. या मुलींना टोळी म्हणजे कोणीतरी पाठीशी उभे आहे असे वाटले. टोळीचे नाव लागले की वस्तीतला कोणी हात लावणार नाही. त्या सुमारास मेक्सिकोत दिवसाला सुमारे १० स्त्रिया मारल्या जात होत्या आणि बहुतेक खून शिक्षेविना पडून राहत होते. अशा देशात सतरा वर्षांची मुलगी बंदुकीच्या सावलीला जाते, तेव्हा ती जीव वाचवायला जाते. तू त्या सावलीचे भाडे घेतोस. पुढे तीच टोळी तिला मारते, तिच्यावर अत्याचार करते, सोडून जायचे म्हटले तर आईला, भावंडांना उडवायची धमकी देते. आत शिरताना तुला तिची संमती पुरते. बाहेर पडताना तिच्या संमतीला तुझ्या लेखी काडीची किंमत नाही.

बाराव्या वर्षी टोळीत गेलेली आणि आता सुधारगृहातून बाहेर पडून नवे आयुष्य मांडू पाहणारी एक तरुणी अलीकडे पत्रकारांशी बोलली. सुरुवात टेहळणीपासून, मग अपहरण, मग खून. बारा वर्षांच्या मुलीची संमती! आमच्या भाषेत याला वेठबिगारी म्हणतात, आणि वेठीला धरणाऱ्यावर गुन्हा नोंदवतात.

आता ‘ला कात्रिना’ या टोपणनावाने जगाला माहीत झालेल्या मुलीबद्दल बोलू. मिचोआकानमधल्या तेपाल्कातेपेकची. विशीच्या आत, प्रियकराच्या ओळखीने, हालिस्को नुएवा हेनेरासिओन टोळीत आली. काही वर्षांतच तिच्याकडे गावाकडच्या वसुलीची आणि मारेकऱ्यांची जबाबदारी आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एल अग्वाहे इथे दबा धरून १३ पोलिसांना मारण्यात आले, त्या हल्ल्याशी तिचे नाव जोडले गेले. त्या १३ घरांपुढे तिची बाजू मांडायला मी उभी राहणार नाही. त्या पोलिसांच्या बायकामुलांचे दुःख तिच्या वयाने कमी होत नाही. जानेवारी २०२० मध्ये सैन्याशी झालेल्या चकमकीत तिच्या मानेला गोळी लागली आणि ती मेली. वय २१.

ती धुळीत पडून तडफडत असल्याची चित्रफीत कोणीतरी काढली आणि ती जगभर फिरली. पाठोपाठ तिची जुनी छायाचित्रे आली, नटलेली, हसरी, हातात शस्त्र. वर्तमानपत्रांनी तिला सुंदर खुनी म्हटले. तिला या वाटेवर कोणी आणले, कोणी बंदूक दिली, एकवीस वर्षांच्या मुलीच्या हाती एक पूर्ण इलाखा देऊन तिच्यामागे कोण लपले, हे प्रश्न त्या बातम्यांत शोधावे लागत. तुला ती चित्रफीत फुकटची जाहिरात झाली. मरणाऱ्या पोरीचे शेवटचे श्वास पाहूनही पुढच्या पोरीला तिच्या नखांचा रंग आणि गाडीच आठवावी, अशीच मांडणी तुझ्या धंद्याला लागते. ती करायला दूरचित्रवाणीच्या मालिका आहेत, अमली पदार्थांच्या व्यापारात राणी झालेल्या नायिका आहेत, ‘बुचोना’ म्हणून मिरवले जाणारे शस्त्रक्रियेने घडवलेले देह आहेत. त्या मालिका बनवणाऱ्यांना मी तुझ्या पंक्तीला बसवत नाही, पण तुझी उधारी त्यांच्याकडे चालते, एवढे त्यांनी समजून घ्यावे.

तुझ्या मालकांना बंदुका कुठून येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मेक्सिकोत गुन्ह्यांत सापडून माग काढलेल्या शस्त्रांपैकी बहुसंख्य अमेरिकेतून आलेली निघतात. मेक्सिकोने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर भरलेला खटला जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. हे खरे असूनही मी बंदूकवाल्याला हे पत्र लिहिलेले नाही. बंदुकीला हात लागतात, आणि ते हात तू पुरवतोस.

किती हात लागतात, याचा हिशेब ‘सायन्स’ या नियतकालिकात सप्टेंबर २०२३ मध्ये आला. रफाएल प्रिएतो-कुरिएल, जान मारिया काम्पेदेली आणि आलेहांद्रो होप यांनी मांडले की २०२२ मध्ये मेक्सिकोच्या टोळ्यांत १,६०,००० ते १,८५,००० माणसे होती. त्यातली माणसे रोज मरतात, पकडली जातात. टोळ्या टिकून राहायच्या तर त्यांना दर आठवड्याला किमान ३५० नवी माणसे लागतात. अटका दुप्पट केल्या तरी हिंसा घटत नाही, वाढतच राहते. भरती निम्म्यावर आणली तर मात्र २०२७ पर्यंत बळी चौथ्या हिश्शाने कमी होतील. हे तू वाचलेले नसेल, पण तुझ्या मालकांना ते त्यांच्या परीने कळते. त्यांचा एखादा सरदार मेला तरी टोळी चालते. तुझे दुकान बंद पडले तर टोळी आटते. म्हणून तुला चिल्लर समजून सोडून देणारे सरकार, सरदाराच्या अटकेचे फोटो काढणारे अधिकारी आणि तुझ्या खात्यावरची तक्रार आल्यावर ते हळूहळू बंद करणाऱ्या समाजमाध्यमी कंपन्या, या सगळ्यांनी हा अभ्यास समोर ठेवून तुझ्याकडे आधी बघावे.

आणि मुलगी सापडते तेव्हा काय होते? तिच्या हातात बंदूक किंवा पिशवीत माल असतो, त्यामुळे गुन्हा तिच्यावर, तुरुंगही तिला. तुरुंगात बायकांना भेटायला येणारे कमी असतात, नवरे तर फार कमी. तिचे मूल आजीकडे वाढते, आणि काही वर्षांनी तू त्या मुलाच्या फोनवर पोचतोस. ही साखळी तोडायची तर पोलीस, वकील, न्यायाधीश यांनी तिला पहिला प्रश्न विचारायला हवा, की तुला इथे कोणी आणले. तिने केलेल्या खुनाची शिक्षा तिला होईल ती होवो. पण त्या खटल्याच्या कागदावर आरोपी क्रमांक एक म्हणून तुझे नाव हवे आणि तिला तुझ्याविरुद्ध साक्ष देता यावी, अशी सोय हवी. साक्षीदाराला संरक्षण न देता तिला बोल म्हणणे म्हणजे तिला पुन्हा तुझ्या हवाली करणे आहे.

मेक्सिकोच्या सरकारी नोंदीत बेपत्ता माणसांचा आकडा २०२५ मध्ये १,३०,००० च्या पलीकडे गेला. एकूण नोंदीत पुरुष जास्त आहेत, पण किशोरवयीनांत मुली मुलग्यांहून अधिक. त्या सगळ्याच तुझ्याकडे आल्या असे मी म्हणत नाही. काही देहविक्रयाच्या बाजारात गेल्या, काही मारल्या गेल्या. तुझ्या फोनमध्ये मात्र त्यांतल्या काहींची नावे आहेत. कोणत्या बसस्थानकावर, कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीत बसवले ते तुला माहीत आहे. आया तेच विचारत फावडे घेऊन फिरतात, आणि त्यांतल्याही काहींना शोध घेता घेता मारण्यात आले. तुझ्याकडून मला पश्चात्ताप नको आहे. ती नावे आणि त्या तारखा त्या आयांना हव्या आहेत, त्या दे.

तेउचित्लानच्या रँचवर सप्टेंबर २०२४ मध्ये पकडलेल्या त्या १० जणांना जुलै २०२५ मध्ये प्रत्येकी १४१ वर्षांची शिक्षा झाली. ती खुर्ची अजून रिकामी झालेली नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांना एक विनंती. बंदूक घेतलेल्या, नटलेल्या एखाद्या मेक्सिकन मुलीचे छायाचित्र ‘खतरनाक सुंदरी’ अशा मथळ्याने तुमच्या फोनवर आले, तर ते पुढे पाठवू नका.