रनचे मास्तर

सेवानिवृत्त इंग्रजीचे मास्तर ही जात पुण्याच्या पेठांत, मिरजेच्या गल्ल्यांत आणि वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावीही सारख्याच विपुलतेने आढळते; ओसरीवरची आरामखुर्ची, तिच्या हातावर उपडी घातलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि समोर सक्तीने तैनात केलेला कोणाचा तरी नातू, एवढ्या लवाजम्यावरून ती बिनचूक ओळखावी. पेन्शनीचा हुकूम होऊन कितीही वर्षे लोटोत, मास्तरांच्या लेखी शाळा बरखास्त झालेली नसते. तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता ते फर्मावतात, ‘‘रन! वाक्यात उपयोग कर.’’

स्वतः मास्तर धावल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. गाडीच्या तासभर आधी स्टेशनात जाऊन बसणाऱ्याला तसे प्रयोजनही पडत नाही. तथापि ‘रन, रॅन, रन’ हा त्रिपाद मंत्र उच्चारताना त्यांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता विलसते, ती सत्यनारायणाच्या प्रसादानंतरही दिसत नाही.

पोरगे घाईने ‘राम रन्स’ म्हणून मोकळे होऊ पाहते. पण राम असा फुकट धावून कसा चालेल? कसा धावतो, कोठे धावतो, केव्हा धावतो, याची रीतसर चौकशी होते; आधी रीत, मग स्थळ, मग काळ, असा क्रम लावून घेण्यात येतो, आणि अखेरीस ‘फास्ट’, ‘टू द स्कूल’ व ‘एव्हरी मॉर्निंग’ एवढे ओझे पाठीवर घेतलेल्या त्या रामाचे पाऊल उचलणेच दुरापास्त होऊन बसते.

रेन आणि मार्टिनचे व्याकरण हे मास्तरांचे धर्मशास्त्र. त्यांतले रेनसाहेब तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, कराचीस, शिक्षण खात्यात होते, हे ते अभिमानाने सांगतात. मात्र याच साहेबांनी १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची, फ्रेंचांच्या परदेशी पलटणीतल्या साहसांची कादंबरी लिहिली, असे नातवाने सांगताच, तो कोणी दुसरा रेन असला पाहिजे, असा त्यांनी तत्काळ निवाडा दिला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशकारांना ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ सापडले, ही वार्ता मात्र त्यांनी पुत्रजन्माच्या आनंदाने ऐकली. त्या अर्थांपैकी एकाशीच त्यांचे वैर आहे: अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, विलायतेत तो उभा राहतो, आणि सभ्य गृहस्थाने उभेच राहावे, या मताचे मास्तर आहेत. माझेही मत फारसे निराळे नाही.

अशा घरातली साखर संपणे ही साधी घटना नव्हे. आतून काकू म्हणतात, ‘‘अहो, साखर संपत आलीय, पोराला वाण्याकडे पाठवा.’’ पोरगे सुटकेच्या आशेने अर्धवट उठते, तोच हुकूम सुटतो, ‘‘बैस! आधी वाक्य.’’ आता येथे ‘रन शॉर्ट’ घ्यावे की ‘रन आउट’, असा सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. पहिल्याने कमी पडणे, दुसऱ्याने निःशेष होणे. चुलीवर आधण उकळून उकळून निम्मे होते, काकूंचा स्वर चढतो, पण मास्तर न्यायासनावरून ढळत नाहीत.

‘‘डबा इकडे आण,’’ ते शांतपणे सांगतात. ‘‘समक्ष पाहिल्याखेरीज ते ठरवता यायचे नाही.’’