दिवाळीपर्यंत दहा

"या दिवाळीपर्यंत दहा."

नाना असं म्हणाले की 'काय दहा?' हे आमच्या डब्यात कुणी विचारत नाही. दहा म्हणजे दहा किलो. ही घोषणा वर्षातून तीनदा तरी होते आणि तिला निमित्त होते ती चौथी सीट. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये नानांना बसायला मिळतं. तिघांच्या बाकावर चौथा टेकणार, हा मध्य रेल्वेचा अलिखित कायदा. पण ठाण्याला चढून नानांच्या बाकावर जो टेकतो, त्याच्या वाट्याला सीट येत नाही, नुसती आशा येते. परवा असाच एक कॉलेजातला मुलगा घाटकोपरपर्यंत एका मांडीवर तग धरून होता. शेवटी उठला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, मी उभाच बरा आहे." नानांच्या जिव्हारी लागलं. कुर्ला यायच्या आत घोषणा झाली.

अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. म्हणजे दिवाळी सहा आठवड्यांवर, आणि पोटातले मोदक अजून पुरते विरघळायचे होते.

नाना आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, डोंबिवली पश्चिमेला, भागशाळा मैदानापासून चार पावलांवर. वय बावन्न, उंची साडेपाच फूट. वजन कुठे केलंत त्यावर अवलंबून. केमिस्टकडचा काटा त्यांच्या मते 'धंदेवाईक' आहे, मुद्दाम जास्त दाखवतो. जिममधला तर आणखी धंदेवाईक; पण तिथे वर्षाचे पैसे भरून नाना एकूण अकरा दिवस गेले असल्याने त्याच्याशी त्यांचा फारसा परिचय नाही. एकदा रद्दीवाला आला असताना त्याच्या ताणकाट्याकडे ते ज्या नजरेने बघत होते, ती पाहून मीच त्यांना आत नेलं. पूर्वी प्लॅटफॉर्मवर रंगीत दिवे लुकलुकणारं यंत्र असायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं आणि वजनासोबत भविष्यही मिळायचं, त्याचे नाना अजून गोडवे गातात. "वजन वाढलेलं असलं तरी माणूस खचत नसे रे. पुढे चांगले दिवस आहेत असं लगेच वाचायला मिळायचं."

घरचा काटा बाथरूमच्या दाराशी असतो. त्या दारापुढच्या लादीवर कोपऱ्यात खडूच्या चार खुणा आहेत. मी आधी समजलो प्लंबरने केल्या असतील. नंतर कळलं की त्या जागी काटा ठेवला तर चारशे ग्रॅम कमी दाखवतो. लादीला तिथे किंचित उतार आहे. हा शोध लावायला नानांना एक अख्खा रविवार लागला होता.

वजन करायचा विधी रविवारी सकाळी, चहाच्या आधी. आधी दोनदा जाऊन यायचं. मग घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, बनियन काढायचं आणि शेवटी चष्मा. चष्मा काढला की आकडा दिसत नाही, म्हणून वहिनींना हाक. वहिनी कणकेच्या हातांनी येतात.

"शहाऐंशी पॉइंट चार."

"नीट बघ."

"नीटच बघतेय."

"मी श्वास सोडला होता का?"

"अहो, श्वासाला वजन नसतं. उतरा आता."

मग हा आकडा 'कालनिर्णय'च्या चौकोनात चढतो, पेन्सिलीने, कारण पेन्सिल खोडता येते. 'दूध नाही', 'गॅस लावला', 'लाइट बिल' यांच्या शेजारी '८६.४ (काल रात्री लग्न)'. कंसाशिवाय एकही आकडा नाही. '८५.९ (पोट साफ)'. '८७.१ (केस ओले)'. गेल्या सात वर्षांची कालनिर्णयं नानांनी माळ्यावर जपून ठेवली आहेत. एका दुपारी वीज गेली होती आणि आम्हा दोघांनाही काही उद्योग नव्हता, तेव्हा मी बसून बेरीज मारली. सात वर्षांत नाना एकंदर त्रेचाळीस किलो उतरले आहेत. म्हणजे आठवीतला एक मुलगा. याच काळात ते पंचेचाळीस किलो चढलेही आहेत, पण ही बेरीज मी त्यांना सांगितली नाही. ते पहिल्याच आकड्यावर इतके खूश झाले की दुसरा सांगायचा धीर झाला नाही.

या त्रेचाळिसांचा इतिहास रोमहर्षक आहे. २०१८च्या सुमारास मराठी घराघरात दीक्षित की दिवेकर हा तंटा पेटला होता, आठवत असेल. व्याह्या-व्याह्यांत बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेलं, की कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळांना खा आणि पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, आपलं घरचं खा, तुपाला घाबरू नका, फार काळ उपाशी राहू नका. दोघांचं ज्याने नीट पाळलं त्याला काही ना काही गुण आला असेल. नाना कुणाचंच मन मोडत नाहीत, म्हणून त्यांनी दोन्ही एकदम धरलं. दोन वेळा दीक्षितांचं आणि मधल्या वेळेत दिवेकरांचं. शिवाय पंचावन्न मिनिटं ही मर्यादा आहे, कोटा नाही, हे त्यांच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. तोवर ते मोबाइलवर गजर लावून जेवत होते आणि गजर व्हायच्या आत आणखी एक पोळी बसते का ते बघत होते.

चालण्याचंही तसंच. दहा हा नानांचा लाडका आकडा असल्याने पावलंही दहा हजार. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्याने सांगितलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता, तिथून तो जगभर झाला. हे मी नानांना सांगितलं तर म्हणाले, "जपानी लोक उगाच नाव ठेवणार नाहीत." सकाळी भागशाळा मैदानाला सहा फेऱ्या, त्यानंतर मंडळींबरोबर इडली आणि एक कटिंग. अर्ध्या तासाच्या चालण्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. सुदैवाने इडली उकडलेली असते, असं नानाच म्हणतात. चटणीबद्दल ते बोलत नाहीत.

उपासांचा तर विषयच नको. चातुर्मासात त्यांनी एकादश्या धरल्या होत्या. खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर ताकाचा पेला. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली तो नक्की आमच्या बिल्डिंगमध्ये राहून गेला असणार.

आणि तरीही पहिल्या आठवड्यात नानांचं वजन उतरतं! दरवेळी उतरतं. भात बंद, साखर बंद, आणि सात दिवसांत दोन किलो. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज येतं की लोकलमधले लोक आपण होऊन सरकतात. "बघ, आठवड्याला दोन, म्हणजे पाच आठवड्यांत दहा. मनावर घेतलं की झालं, आपल्याला काय!" हे साजरं करायला आम्ही ठाण्याला उतरून मामलेदारची मिसळ खाल्ली. तिखट मी मागवली. नाना मध्यम, कारण डाएट चालू होतं.

तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना. खडूच्या खुणांवरही हलेना. नानांनी सेल बदलले. मग काट्यावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून बघितली, पाचच भरली. तेव्हा कुठे ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले, मला साक्षीदार म्हणून घेऊन.

डॉक्टर मिताहारी आणि मितभाषी. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर गणित मांडलं. "पहिले दोन किलो बहुतेक पाणी होतं, नाना. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलंत, साठा संपला, पाणी गेलं. मिसळ-पाव खाल्लात, परत आलं." मिसळीचं त्यांना कसं कळलं देव जाणे. "आता चरबी. एका किलोत साधारण सात हजार सातशे कॅलरी. दहा किलो महिन्यात घालवायचे तर रोज अडीच हजारांच्या वर तूट हवी. तुमचा दिवसाचा सगळा खर्चच दोन-सव्वादोन हजारांचा. महिनाभर नुसती हवा खाऊन राहिलात तरी हिशोब बसत नाही."

"आणि हवा खाऊन वर चाललो तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठवड्याला अर्धा किलो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही तेवढंच म्हणते. मध्ये काटा अडेल, कारण अंग हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो. अडू द्या. सहा महिन्यांत चार-साडेचार किलो गेले तरी तुमच्या शुगरला आणि बीपीला फरक पडेल."

"फक्त साडेचार?" असं नाना ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात माणूस बोनसचं पाकीट उघडतो.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. नानांच्या अंगात निश्चय नाही असं म्हणणाऱ्याने तीस वर्षं सकाळची डोंबिवली लोकल पकडून दाखवावी. अडचण अशी की अर्धा किलो सांगता येत नाही. दहा किलो ही बातमी आहे; दहा म्हटलं की डबा ऐकतो. "या आठवड्यात अर्धा उतरलो" म्हटलं तर शेजारचा पेपरातून मानही वर काढणार नाही. आमच्याकडे अर्धा किलो भेंडी मागितली तर भाजीवालाही "घ्या ना, किलोच देतो" म्हणतो. अर्ध्याला इथे मानच नाही.

तो मान वहिनींनी मिळवून दिला. त्या संध्याकाळी मी चहाला बसलो होतो. नाना कागदावरच्या गणिताकडे बघत गप्प होते. वहिनींनी फ्रिज उघडला, बटरचा पाचशे ग्रॅमचा अख्खा पॅक काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे अर्धा किलो. एवढं आठवड्याला अंगातून जातंय म्हणतात डॉक्टर. थोडं वाटतंय?"

नानांनी तो पॅक हातात घेतला. उलटासुलटा केला. पोटाजवळ धरून बघितला, इकडे, मग कडेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. "बरंच आहे गं," एवढंच म्हणाले, आणि पॅक परत फ्रिजमध्ये ठेवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी ठेवला.

दिवाळीपर्यंत दहा झाले नाहीत. पावणेदोन झाले. दिवाळी पहाटेला फडके रोडवर अख्खी डोंबिवली नटूनथटून लोटते, तिथे नाना जुनाच झब्बा घालून गेले आणि गणपती मंदिरापाशी भेटलेल्या बावीस जणांपैकी एकानेही काही ओळखलं नाही. बावीस हा त्यांचाच आकडा. ते मोजत होते. भाऊबीज आटोपून कल्याणला पारनाक्यावर सासुरवाडीला गेले, तिथे मात्र सासूबाईंनी दारातच गालांवरून हात फिरवला. "जावईबापू, किती वाळलात हो!" आणि पानात चौथी पुरणपोळी वाढली. त्या बाईंनी हे वाक्य नाना सत्त्याऐंशीचे असतानाही म्हटलेलं आहे. पण त्या दिवशी नानांनी चौथी पोळी अर्धी मोडून परत ठेवली, असं वहिनी सांगतात.

त्याला आता सात महिने झाले. डब्यात घोषणा झालेली नाही. काल सिलिंडरचा नंबर शोधायला मी त्यांच्याकडे कालनिर्णय चाळत होतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पेन्सिलीने नाही, पेनने लिहिलंय: ८१.९. कंस आहेच: (चष्म्यासकट).

तर नाना तुम्हाला कुठे भेटले, लोकलमध्ये, भागशाळेवर, फडके रोडवर, तर कृपा करून एकदा "वाळलात हो" म्हणा. सासूबाई सोडून अजून कुणीही म्हटलेलं नाही.