पट्टी कुणी बांधली?

भाचीनं पलंगावर टॅरोचे पत्ते पसरले आणि म्हणाली, "मावशी, एक काढ." मी हात मागे घेतला. प्रश्न तिचा होता, पत्ता तिनंच काढायला हवा होता. तिनं काढला. डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली बाई, छातीशी फुलीसारख्या धरलेल्या दोन तलवारी, मागे पाणी, वर चंद्राची कोर.

प्रश्न असा : पुण्याला नोकरी लागतेय, इथे साताऱ्यात आई एकटी. जायचं की राहायचं? महिनाभर हा प्रश्न त्या घरात जेवायला बसत होता, झोपायला जात होता, पण त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

पोरगी चित्राकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हिचे हात अडकलेत. तलवारी खाली ठेवल्या तर पट्टी हिला स्वतःलाच सोडता येईल." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, "मी आईला अजून विचारलंच नाहीये, तिला काय हवंय ते."

हे पत्त्यानं सांगितलं नाही. पोरीनं सांगितलं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर त्याच बाईत तिला सासू दिसली असती, नाहीतर बँकेचं कर्ज. चित्र फक्त समोर धरलेलं असतं. बघणाऱ्याच्या मनात जे असतं ते तिथे येऊन बसतं. टॅरोचं मोल मला एवढंच वाटतं, आणि ते कमी नाही.

यापलीकडचा सगळा साज नंतर चढला आहे. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव. पत्ते 78. त्यात इजिप्तचं गूढ ज्ञान दडलंय, असं 1781 साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच माणसानं छापलं. पुरावा काहीही नव्हता, तरी लोकांना ते आवडलं. भाचीच्या हातातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढलेली, 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफाही तशीच देखणी : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. तीही खेळायचीच.

साताऱ्या-सांगलीकडे प्रश्न विचारायच्या जागा काही कमी नव्हत्या. भल्या पहाटे पिंगळा दारात येऊन बोलून जायचा. देवळात गुरव देवाला कौल लावायचा; उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. माण-खटावात बोअर कुठे मारायची हे आजही हातावर नारळ घेऊन रानात फिरणाऱ्या पाणाड्याला विचारतात. ज्याच्या शेतात तीन बोअर कोरड्या गेल्यात, त्याच्या त्या नारळाला मी हसणार नाही. माणूस प्रश्न घेऊन कुठेतरी जातोच. घरात ऐकणारं कुणी नसेल तर अनोळखी माणसाकडे जातो.

माझं भांडण आहे ते उत्तर विकणाऱ्यांशी. पहिला पत्ता फुकट, दुसऱ्याला पैसे, आणि तिसऱ्यात संकट दिसतं, ज्याचा उपायही त्यांच्याकडेच असतो. माझ्या धाकट्या आत्याचं ठरलेलं लग्न एका पत्रिकेवरून मोडलं. सांगणारा दक्षिणा घेऊन गेला. आत्या जन्मभर आमच्या माजघरात राहिली. मुलाशी एकदा समोरासमोर बोलून घे, असं तिला कुणीही म्हणालं नाही.

अशा उत्तरं विकणाऱ्यांपासून सावध राहा, हे साताऱ्याचेच अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत होते. 2008 साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी दाभोलकर आणि सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी घेतली. 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. 100 मुलं अभ्यासात हुशार, 100 बौद्धिक अपंगत्व असलेली. कुठली पत्रिका कोणत्या गटातली हे ज्योतिष्यांनी ओळखायचं. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण 46 टक्के भरलं. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला, आणि त्यातही ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तूचा सल्ला देणारे आणि पाणाडे यांना मोकळं सोडलेलं आहे. म्हणजे इथे राखण आपली आपणच करायची आहे.

पण आम्हा चिकित्सक म्हणवणाऱ्यांनाही एक विचारायचं आहे. पोरीच्या हातात पत्ते दिसले की "हे काय खूळ?" म्हणून आपण मोकळे होतो. तिला काय विचारायचं होतं, हे आपण विचारतो का? दाभोलकर मुळात डॉक्टर होते, साताऱ्यात त्यांनी व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. व्यसनात बुडालेला माणूस टिंगलीनं वर येत नाही, त्याच्यासमोर बसावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं. प्रश्नात बुडालेल्या माणसाचंही तसंच आहे.

म्हणून भाचीला मी पत्ते टाकून दे म्हटलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. होईल का, मिळेल का, येईल का, असं पत्त्यांना विचारायचं नाही. मी काय टाळतेय, एवढंच विचारायचं. आणि पैसे घेऊन अर्थ सांगणाऱ्या कुणाहीपुढे हे पत्ते मांडायचे नाहीत.

"आणि मृत्यूचा पत्ता निघाला तर?" तिनं विचारलं.

"तर तो 78 पैकी एक निघाला."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

रविवारी मायलेकी साताऱ्यातल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर चढून गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा दोघींचेही डोळे सुजलेले होते आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. काय ठरलं ते मी विचारलं नाही. चहा टाकला.