मांजर ढोंगी नाही

मांजर लबाड असतं, हे मांजर पाळून कुणी शिकलेलं नाही. आपण ते गोष्टीतून शिकलो. पंचतंत्राच्या ‘काकोलूकीय’ भागात ससा आणि तित्तर ढोलीच्या मालकीवरून भांडतात आणि निवाड्यासाठी एका तपस्वी मांजराकडे जातात. ऐकू कमी येतं, असं सांगून ते दोघांना जवळ बोलावतं आणि फस्त करतं. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटातही एक मांजर पुढचे पंजे उंचावून तपाला उभं आहे आणि भोवती उंदीर आहेत. गोष्ट उत्तम, शिल्प तर अप्रतिमच. पण त्यांतला ढोंगी माणूस आहे, कातडं फक्त मांजराचं. आपण मात्र त्याचा गुन्हा स्वयंपाकघरातल्या मनीच्या नावावर चढवला.

मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण घ्या. मांजराला अगदी नाकासमोरचं नीट दिसतच नाही. तिथलं काम मिशा करतात. डोळे उघडे असले काय, मिटलेले असले काय, त्यात चोरी कसली? आणि दूध तरी त्याला कुठे मानवतं? बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. गोड चव तर मांजराला कळतच नाही, कारण ती ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी आहे. तरीही घरोघरी वाटीभर दूध पुढे सरकवून आपण स्वतःला प्रेमळ म्हणवतो.

मतलबी, हा दुसरा आरोप. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं ‘म्याव’ करत नाहीत. ती हाक मुख्यतः माणसासाठी असते. जपानी संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं, की पाळीव मांजर आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतं. ते धावत येत नाही, एवढंच. हुकूम पाळत नाही म्हणून प्रेम नाही, हा हिशेब माणसाचा.

खरं मांजर पाहायचं असेल तर जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी वाचा. त्याच्या 1905 साली सुरू झालेल्या कादंबरीत एक बिननावाचं मांजर मालकाच्या घराची कहाणी सांगतं. मोची नावाचा तांदळाचा चिकट पदार्थ दातांत अडकल्यावर त्याची जी धडपड होते, ती मांजराजवळ तासन्‌तास बसलेल्या माणसालाच सुचेल. सोसेकीच्या घरी आलेलं भटकं मांजर त्या कादंबरीचं मूळ होतं. पंचतंत्राला नीती सांगायची होती, सोसेकीला मांजर दिसत होतं.

हा वाद साहित्यापुरता असता तर सोडून दिला असता. पण मांजर दुखणं लपवतं. छोटा शिकारी प्राणी दुसऱ्याचं भक्ष्यही असतो, म्हणून अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. वेदनेतही ते घुरघुरतं. ते कोपऱ्यात बसलं, खाणं सोडलं, की आपण म्हणतो, ‘नखरे करतंय.’ बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो आणि थेंबही येत नाही, तेव्हा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कुणी माणसाची पॅरासिटामॉल देतं. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

तेव्हा ‘नाटकी’ हा शब्द आधी घराबाहेर काढा. वाटीत पाणी ठेवा. मांजर दिवसभर जेवलं नाही तर पशुवैद्याकडे न्या, बोक्याची लघवी अडली तर त्याच क्षणी निघा. गोष्टी मुलांना जरूर सांगा, फक्त शेवटी हेही सांगा, की त्यातला लबाड दोन पायांचा होता.